नफूसा मावशीची चाल

कुजबूज अशी होती की उस्ताद बहगतने दुसरं लग्न केलं आहे, आणि नवी बायको लांब कुठे हेलवान-बिलवानला न ठेवता इथे कैरोच्या शुब्रा वस्तीतच, स्वतःच्या स्टुडिओत, पाचव्या मजल्यावर कोंडून ठेवली आहे. पुरावे भक्कम होते. दुपारची नमाज आटोपून त्याच्या हाताखालची दोन माणसं जेवायला खाली उतरली की आतून कडी लागायची. मग लाकडी खडावांचा आवाज सुरू व्हायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टाक टाक टाक. मध्येच काहीतरी जड धाडकन पडायचं. आणि एक बाई भांडायची. चांगली खर्जातली, खमकी बाई, जिच्या तोंडी लागायची कुणाची छाती व्हायची नाही. बहगतचा आवाज मात्र एकदाही ऐकू यायचा नाही, आणि लग्न झालेल्या लोकांना हाच पुरावा सगळ्यात जास्त पटायचा.

बातमी फोडली राखणदाराच्या बायकोने, उम्म बदवीने. तिने ती इस्त्रीवाल्याच्या कानात घातली आणि इस्त्रीवाल्याने घडी करून, शर्टांबरोबर, घरोघर पोचवली.

बहगतला बघितलेल्या माणसाला हे खरं वाटणं कठीण होतं, पण म्हणूनच ते सांगायला मजा यायची. वय बावन्न, पोट सुटलेलं, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. सव्वीस वर्षं हा माणूस टूथपेस्टच्या जाहिरातीतली बदकं आणि साबणाच्या वडीवर नाचणारे बुडबुडे काढत आला. दुसरीचं सोडा, पहिली कशी मिळाली हेच गल्लीला कोडं होतं. पहिली, सित्त इनायात, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि नवऱ्याकडे साधारण नकाशाकडे बघावं तशी बघायची: कुठे काय आहे ते पाठ, तरी एखादी चूक सापडते का बघावं.

तर त्या वर्षी या माणसाच्या हाती आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते काम आलं. पुढच्या रमजानचे तीस दिवस, रोज एक भाग, कार्टून मालिका. नायिका नफूसा मावशी, डोक्यावर रोट्यांची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी, भांडणं लावणारी आणि मिटवणारी. निर्माता हाजी सफ्वत. त्याचा धंदा न्हाणीघराच्या फरशांचा, पण आता त्याला कलेत नाव हवं होतं. वाहिनीवाल्यांची अट सरळ होती. मोठ्या ईदच्या, म्हणजे बकरी ईदच्या, आधी तयारीची सगळी फाइल आमच्या टेबलावर ठेवा. पसंत पडली तर वेळ तुमची, नाहीतर परदेशातून आलेली यंत्रमानवांची मालिका तयारच आहे.

फाइल म्हणजे मालिका सुरू होण्याआधीचं सगळं. गोष्ट, प्रत्येक भागाचा स्टोरीबोर्ड, आधीच भरून घेतलेले आवाज, गल्लीची चित्रं, आणि प्रत्येक पात्र समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी कसं दिसतं, कसं बसतं, कसं चालतं याचे तक्ते. हे तक्ते बघूनच पुढे अॅनिमेटर हजारो चित्रं काढणार. आणि बहगतचा हट्ट होता की फाइलीतला शेवटचा कागद तयार झाल्याशिवाय एकही अॅनिमेटर कामावर घ्यायचा नाही. एकही नाही. बावीसजण कोपऱ्यावरच्या कॉफीहाऊसमध्ये रोज येऊन बसत होते, चहाचे ग्लास रिकामे करत होते आणि वर पाचव्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होते. बहगत खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा.

हट्टाला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी एका उंटवाल्याची मालिका त्याच्याकडे होती. त्या वेळच्या निर्मात्याला पहिल्या दिवसापासून टेबलं भरलेली बघायची होती, म्हणून बहगतने चौदा अॅनिमेटर बोलावून घेतले. तयार काय होतं, तर उंटवाल्याचं एकच चित्र, समोरून. त्याची पाठ कुणीच काढलेली नव्हती. चौदाजणांनी चौदा पाठी काढल्या. कुणी फेट्याला शेमला सोडला, कुणी टक्कल दाखवलं. एका प्रसंगात तो दारातून आत जाताना बकरीपेक्षा बुटका होता आणि बाहेर येताना दार त्याला ठेंगणं पडत होतं. सहाव्या रोजाला वाहिनीने मालिका बंद केली. लोक पोरांना ईदचे कपडे घ्यायला निघालेले, आणि हे चौदाजण हात हलवत आपापल्या गावी, तांता, मन्सूरा, बन्हाला परत गेले.

त्यातला नादिर, सगळ्यात चांगला हात असलेला, शुब्रातच राहिला आणि मायक्रोबस चालवायला लागला. बहगत चुकून त्याच्या गाडीत चढला की भाडं हातोहात पुढे जायचं आणि तसंच मागे यायचं. "उस्ताद, तुमच्याकडून नको," नादिर आरशातून म्हणायचा. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागायचं. हल्ली बहगत दोन थांबे चालत जायचा, ती गाडी टळावी म्हणून.

म्हणून या वेळी फाइल आधी. पण फाइल पुरी व्हायला कुणी देईल तर ना.

लेखक उस्ताद रुश्दी याला दुय्यम पात्रांचा लळा लागायचा. नवव्या भागात त्याने नफूसाचा भाऊ लिबियातून आणला, पायाला प्लास्टर घालून. बहगतने प्लास्टरसकट भाऊ चारही बाजूंनी काढला. आठवड्याने रुश्दीला वाटलं की भावामुळे गोष्ट रडकी होते, भाऊ गेला. पुढच्या आठवड्यात तो परत आला, पण प्लास्टर हाताला. मग हाजी सफ्वतच्या आईने नफूसाचं चित्र बघितलं आणि ती म्हणाली, डाव्या गालावरचा तीळ आमच्या वहिनीसारखा आहे, लोक बोलतील. तीळ उजव्या गालावर गेला, सगळे तक्ते पुन्हा झाले. तेव्हा कळलं की उजव्या गालावर तीळ असलेलीही एक बाई त्या घराण्यात आहे, आणि ती जास्त भांडकुदळ आहे. तीळ हनुवटीवर आला. बहगतने खोडरबर खिडकीतून फेकलं आणि मग पाच मजले उतरून उचलून आणलं, कारण ते जर्मन होतं आणि लिफ्ट बंद होती. लिफ्ट सहा वर्षं बंद होती.

आवाजाचं काम तेवढं झकास झालं. सित्त दौलत, रेडिओवरची जुनी नटी, तिने अकरा दिवसांत तीसही भाग भरून दिले. आवाज आधी लागतो, कारण ओठ आवाजाला जुळवून काढायचे असतात. दौलतबाई बांगड्या उतरवायला तयार होईना, म्हणून टेपवर नफूसा मावशी बोलली की बांगड्याही वाजतात. पण आवाज असा, की ऐकणाऱ्याने उगाचच माफी मागावी.

उरला एक कागद. चालीचा तक्ता.

आणि इथे सव्वीस वर्षं या कामात मुरलेला बहगत अडला. कैरोत जो कोणी हे काम शिकला तो एकाच परदेशी पुस्तकाच्या झेरॉक्सवर शिकला, आणि त्या पुस्तकातला माणूस चालतो तो लाटेसारखा. पाऊल टेकलं की खाली, पाऊल उचललं की वर, डोकं आपलं हलतंय. बहगतने चोवीस कागदांवर नफूसा तशीच चालवली, गठ्ठा अंगठ्याने फरफर सोडून बघितला, छान चालत होती. खुशीत तो गठ्ठा घरी घेऊन गेला. इनायात जेवत होती. तिने लोणच्याचा सलगम तोंडात टाकला, गठ्ठा एकदा सोडला आणि विचारलं, "हिच्या डोक्यावर काय आहे?"

"रोट्यांची पाटी."

"होती," इनायात म्हणाली. "आता रस्त्यात पडली."

बहगत तिच्याशी दोन दिवस बोलला नाही, कारण तिचं बरोबर होतं. डोक्यावर ओझं घेतलेली बाई लाटेसारखी चालली तर ओझं राहील कसं? तिचं जे काय हलतं ते मानेखाली हलतं. मानेच्या वर जणू पाण्याने भरलेली परात. पण खाली नेमकं काय कसं हलतं, गुडघा कधी वाकतो, कंबर कुठे जाते, हे पुस्तकात नव्हतं, आणि बहगतच्या हातातही नव्हतं. त्याने आणखी चार गठ्ठे काढले. पहिल्या दोन गठ्ठ्यांत पाटी पडली. तिसऱ्यात पडली नाही, पण मावशी चाकांवर ढकलल्यासारखी सरकत होती. चौथा त्याने कुणाला दाखवलाच नाही.

प्रत्यक्ष बघावं तर हल्ली रोट्या सायकलवरून जातात. शुब्रात डोक्यावर ओझं नेणारी एकच बाई त्याच्या नजरेत होती, ती म्हणजे उम्म बदवी. गॅसचा सिलिंडर डोक्यावर ठेवून ती पाच मजले चढायची, शिवाय जिन्यात थुंकणाऱ्यांना शिव्या देत. बहगत एक दिवस वही घेऊन तिच्या मागे निघाला. दोन पायऱ्या अंतर ठेवून, मान खाली, नजर बरोबर तिच्या कमरेवर. चौथ्या मजल्यावर ती थांबली आणि सिलिंडर न हलवता वळली.

"उस्ताद, पुढे तरी जा, नाहीतर खाली तरी राहा. हे असं पाठी लागणं मला चालणार नाही."

बहगतने जीव तोडून खुलासा केला, आणि खुलाशासाठी जगातलं सगळ्यात वाईट वाक्य निवडलं. "उम्म बदवी, मला फक्त तुमची चाल बघायची आहे."

"माझी चाल अम्म दिसूकीने बघितली, लग्नाआधी, आणि तीही चोरून," ती म्हणाली. "तुम्ही कोण लागून गेलात?"

अम्म दिसूकी तिचा नवरा, सोहाग गावचा, सहा फुटी, इमारतीचा राखणदार. त्याने बहगतच्या सलामाला उत्तर देणं बंद केलं, आणि पाचव्या मजल्याचं पाणी दोन दिवस चढेना.

त्यानंतर दोनच दिवसांनी उम्म बदवीने बघितलं की बहगत भट्टीवाल्याकडची खजुराच्या फांद्यांची भली मोठी पाटी घेऊन जिना चढतोय, रोट्यांसकट. तीन माणसं काम करतात आणि चाळीस रोट्या कुणासाठी? दुसऱ्या दिवशी बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बायकी खडावा. तिसऱ्या दिवशी कडी लागली आणि टाक टाक सुरू झालं. बाईमाणसाने यातून दुसरा काय अर्थ काढावा? जो काढायचा तो तिने काढला. आठवडा संपेपर्यंत कॉफीहाऊसमधल्या बावीसजणांनाही तो कळला होता. आपण इथे चहा पीत का बसलोय हे त्यांना शेवटी समजलं, आणि त्यांतल्या निम्म्यांना तर उस्तादबद्दल नव्याने आदर वाटायला लागला.

हाजी सफ्वतला मात्र आदर-बिदर वाटला नाही. ईदला नऊ दिवस उरले होते. जिन्याच्या तळाला तिसऱ्या मजल्यावाल्यांची मेंढी बांधलेली, तिला ओलांडून, बरसीमचा चारा तुडवत, धापा टाकत तो वर आला. बसला. पाणी मागितलं. मग मुद्द्यावर आला. तुझं खासगी काय असेल ते असो, म्हणाला, शरियतने परवानगी दिली आहे, मी कोण बोलणारा? पण गुरुवारी फाइल वाहिनीच्या टेबलावर पाहिजे.

बहगतने सांगितलं की एक कागद राहिला आहे.

"एका कागदासाठी तू बावीस माणसं बसवून ठेवलीस? बोलाव त्यांना वर. चालायला काय लागतं? माझा दीड वर्षांचा नातू चालतो."

"हाजी, तो पडतो पण."

"अरे, मग पडू दे बाईला. मुलं हसतील."

"एकदा हसली होती," बहगत म्हणाला.

हाजी सफ्वतला उंटवाल्याची गोष्ट ठाऊक नव्हती असं नाही. पण फरशीवाला माणूस, तारखेला माल गेला नाही तर काय होतं तेवढं त्याला कळायचं. उठता उठता त्याने सांगून टाकलं. गुरुवारी सकाळपर्यंत तो कागद नसेल तर त्याच्या मेव्हण्याचा चुलतभाऊ, जो लग्नाच्या व्हिडिओवर फुलं उडवतो, तो पुस्तकातून चाल काढून देईल, फाइल जाईल, आणि बावीसच्या बावीसजण त्याच दिवशी कामाला लागतील. बहगत असो नसो.

बहगत असो नसो. हे शब्द दोन दिवस त्याच्या डोक्यात टाक टाक चालत राहिले. तो गेला असता तर काय बिघडत होतं? बदकं होतीच. पण पुस्तकातली चाल एकदा तक्त्यावर गेली की बावीसजण तीच काढणार, हजारो कागदांवर, आणि पहिल्याच रोजाला घराघरातली आजी टीव्हीकडे बघून तेच म्हणणार जे इनायात म्हणाली होती. मग पुन्हा ईदच्या तोंडावर तांता, मन्सूरा, बन्हा. कैरोत मायक्रोबस आधीच पुष्कळ आहेत.

मंगळवार गेला. धाडकन दोनदा आवाज आला.

बुधवारी इनायात आली. शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सहृदय मैत्रिणीने तिचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं होतं, आणि खणातून रुमालही काढून दिला होता. इनायातने शेवटचा तास घेतला, नाईल नदीचा, पुरा घेतला, आणि मग बस पकडली. ती जिना चढायला लागली तेव्हा उम्म बदवी तिच्या मागे, अम्म दिसूकी तिच्या मागे, इस्त्रीवाला हातात दुसऱ्याच कुणाचा तरी झगा घेऊन, आणि शिवाय फाइलीचं काय झालं बघायला आलेला हाजी सफ्वत. पाचव्या मजल्यावर सगळे थांबले. आतून खडावा वाजत होत्या. बाई कडाडत होती, की मी मेले तरी तुझ्या दारात पाणी मागणार नाही.

इनायातने दोनदा टकटक केली. खडावा थांबल्या. बाई मात्र बोलतच राहिली, हे उम्म बदवीला फार उद्धट वाटलं.

"बहगत, मी आहे," इनायात म्हणाली. "एकटी नाही, पण आत एकटीच येईन."

कडी निघाली, दार हातभर उघडलं, ती आत गेली, कडी लागली. बाईचा आवाज मध्येच कापल्यासारखा बंद झाला. खाली मेंढी तेवढी ओरडली. मग आतून हसण्याचा आवाज आला, आणि तो इनायातचा होता. सव्वीस वर्षांत गल्लीने तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. पाठोपाठ तिचा शिकवायचा आवाज: "पायांकडे नको बघू. समोर बघ. मी इथे उभी आहे, माझ्याकडे बघत ये."

"सवतीलाच चालणं शिकवतेय," उम्म बदवी कुजबुजली, आणि तिने डोळे पुसले. "चांगल्या घरची आहे हो."

पुन्हा खडावा. आता जरा सावकाश. इनायात मोठ्याने आकडे मोजत होती, एक ते बारा, पुन्हा एक ते बारा. धाडकन आवाज आला नाही. पुन्हा आला नाही. मग बराच वेळ पेन्सिलीचं खरखरणं, आणि पुन्हा आकडे. हाजी सफ्वत पायरीवर बसला. इस्त्रीवाला कंटाळून गेला आणि पंधरा मिनिटांत परत आला.

तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, असरची, बांग झाल्यावर इनायात बाहेर आली. दार मागे ओढून घेतलं, पर्स सावरली आणि जमलेल्या सगळ्यांकडे वर्गाकडे बघावं तसं बघितलं.

"आहे," ती म्हणाली. "जाड आहे, तोंडाळ आहे, पण मला आवडली. रमजानात तुम्हालाही बघायला मिळेल." आणि मेंढीला वळसा घालून ती घरी गेली.

गुरुवारी सकाळी फाइल गेली, चालीच्या तक्त्यासकट. वाहिनीवाल्यांनी तक्त्यासोबतचा गठ्ठा फरफर सोडून बघितला, एकमेकांकडे बघितलं आणि मालिका पसंत केली. पण तीसऐवजी पंधरा भाग. आणि वेळ इफ्तारनंतरची नाही, आधीची, जेव्हा बायका स्वयंपाकघरात असतात आणि पुरुष भुकेने चिडलेले. लिबियातला भाऊ कायमचा लिबियात राहिला, प्लास्टर आणि चारही बाजूंसकट. बावीसांपैकी बाराजणांनाच घेता येणार होतं, आणि उरलेल्या दहाजणांना ते सांगायला बहगत स्वतः कॉफीहाऊसमध्ये गेला. हाजी सफ्वत म्हणाला, मोठा विजय झाला. आठ महिने बहगतने तीस भागांची तयारी केली होती.

पहिला फोन त्याने नादिरला केला. नादिर मायक्रोबस गल्लीतच लावून वर आला, दोन प्रवासी आत तसेच बसलेले. त्याने तक्त्यासोबतचा गठ्ठा हातात घेतला, अंगठ्याने सोडला. पुन्हा सोडला. मग उलट बाजूने.

"पाटी हलत नाही, उस्ताद."

"नाही हलत."

"गुडघे बघा ना. हे पुस्तकातलं नाही." त्याने कागद उजेडाकडे धरले. "कोणाला चालवलंत? मला तरी सांगा. खाली तर म्हणतात की..."

"तुझं टेबल खिडकीजवळ आहे," बहगत म्हणाला. "ते प्रवासी उतरव आधी."

आत बाई नव्हती. आवाज सित्त दौलतच्या टेपचा होता. खडावा बहगतच्या थोरल्या बहिणीच्या होत्या, दोन बोटं आखूड. रोट्या हाताखालच्या दोघांनी खाल्ल्या आणि पाटीत तांदळाच्या तीन पिशव्या ठेवल्या, आणि ती डोक्यावर घेऊन चालत होता तो बहगत. अठरा दिवस पाटी पडली. एकोणिसाव्या दिवशी पडली नाही.